आक्का, आता आमेन कोण म्हणणार?

आक्का, मंडळीच्या मासिकाला तुझ्यावर काहीतरी लिहून द्या, असं दाजींनी मला सांगितलंय. जन्म कुठं, बाप्तिस्मा कधी, लग्न कधी, दौंडच्या मंडळीत पाळकबाई म्हणून सेवा किती वर्षं, असं ओळीनं लिहायचं म्हणे. ते काही मी लिहायची नाही. ते दाजींनी लिहावं, ते पाळक आहेत, त्यांना सवय आहे. मी तुझी धाकटी बहीण, मला तुझ्याशी बोलायचंय. आणि तू तर फेब्रुवारीत माझं भांडण अर्धं टाकून निघून गेलीस. ही तुझी खोड लहानपणापासूनचीच. भांडण ऐन रंगात आलं की उठून चुलीकडं जायचीस आणि तिकडून ओरडायचीस, "मंदे, पीठ मळायला घे!" मी मुकाट्यानं पीठ मळायची, आणि भांडण तुझ्याच नावावर जमा व्हायचं.

आपलं शेवटचं भांडणही तेच, जे दर एप्रिलला व्हायचं; यंदा आधीच निघालं होतं. बाहेरच्याला सांगितलं तर हसेल. पोरांना शिबिराला पाठवायचं की नाही?

आपल्या दोघींचीही लग्नं मिशनमध्येच झाली. तू दौंडात पाळकाच्या घरी, मी शिरूरला, गावोगाव येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या सुवार्तिकाच्या. सगळ्यांची पोरं मे महिन्यात मामाच्या गावाला जातात. आपली पोरं पाचगणीच्या डोंगरावर, मिशनच्या सेवकांच्या मुलांच्या शिबिराला. हे सगळं तूच सुरू केलंस. दौंड आणि शिरूर, दोन्हीकडची सेवकांची पोरं गोळा करायची, तुमच्या चर्चच्या कंपाऊंडमध्ये जमवायची आणि वाईच्या घाटानं वर धाडायची. माझं म्हणणं साधं होतं. आमचे हे दिवसभर इनामगाव, न्हावरं असं फिरतात, संध्याकाळी शिक्रापूरला कंपन्यांत कामाला आलेल्या पोरांच्या खोल्यांवर जातात, तिथं हिंदीत प्रार्थना घेतात आणि घरी येतात तोवर आमच्या सनीचा डोळा लागलेला असतो. सुट्टीतच काय ते पोर बापाच्या हाताला लागतं. तेवढ्यात तू त्याला घेऊन जाणार. वर बायबल शिकायला! मी तुला म्हणायची, "आक्का, आपल्या घरी बायबल कमी पडलंय का?"

आणि तू म्हणायचीस, "बायबल शिकायला न्हाई गं पाठवत मी. पोरं व्हायला पाठवते."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. सगळं अजूनही पटलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. तू गेलीस म्हणून मी लगेच तुझी प्रत्येक गोष्ट बरोबर होती असं म्हणायला लागले, तर तूच वरून म्हणशील, "मंदे, ढोंग करू नगं."

पहिल्या वर्षीची सकाळ आठवते का तुला? तेव्हा आपली ठरलेली गाडी नव्हती. फलटणकडं जाणारी सकाळची एसटी कंपाऊंडच्या फाटकासमोर थांबवायची, असं तू कंडक्टरशी बोलून ठेवलं होतंस. पोरं आंघोळी करून, तेल लावून, पिशव्या पायाशी घेऊन रांगेत उभी. आणि निरोपाची प्रार्थना दावीदआप्पांकडं. मंडळीतले सगळ्यात जुने वडीलधारे, त्यांना डावलायचं कसं? आप्पांनी सुरुवात केली. एकेका पोराचं नाव घेऊन प्रार्थना केली. मग एसटीच्या ड्रायव्हरसाठी. मग घाटासाठी, ब्रेकसाठी, टायरसाठी. मग वर स्वयंपाक करणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी. मग आप्पा पुढाऱ्यांवर आले, पुढाऱ्यांवरून पावसावर, पावसावरून सगळ्या देशावर. मध्येच हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. आम्ही सगळे डोळे मिटून, माना खाली घालून उभे. शेवटी आमेन झालं, डोळे उघडले, तर रस्ता मोकळा. धुरळा पण खाली बसला होता.

तू कमरेवर हात ठेवून पोरांना विचारलंस, "गाडी आल्याली कुणालाच कळलं न्हाई?"

सगळी आपापल्या चपलांकडं बघत होती. तुझी करुणा तेव्हा चार-पाच वर्षांची, नुसती निरोप द्यायला आलेली. तुझ्या साडीला धरून ती म्हणाली, "मम्मी, गाडी आली, थांबली आणि गेली. मला दिसली."

"मंग सांगितलं का न्हाईस गं?"

"सांगितलं असतं तर माझे डोळे उघडे होते ते कळलं असतं ना."

मग एकेक पोर कबूल व्हायला लागलं. सगळ्यांनी गाडी पाहिली होती! कंडक्टरनं हात केला तोही पाहिला होता. पण पाळकाचं, सुवार्तिकाचं पोर प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतं, हे सांगणार कोण? आमचे हे पण नंतर घरी येऊन हळूच म्हणाले की, मलाही दिसली होती. सगळ्यांत मी एकटीच होते जिचे डोळे खरंच घट्ट मिटलेले होते. तू ते शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस, ते सोड.

बाकीचे हसले. तू नाही हसलीस. पोरं पिशव्यांवर बसली होती, त्यांच्याकडं बघत तू मला म्हणालीस, "मंदे, आपल्या पोरांना खरं बोलायची चोरी झालीया. आता तर पाठवणारच."

त्या दिवशी रफिकभाईंची भाड्याची क्रूझर मिळाली आणि पोरं दुपारी का होईना, गेली. पुढच्या वर्षापासून क्रूझरच ठरली, आणि दुसरी एक गोष्ट ठरली जी कुणीच कुणाशी बोललं नाही. आप्पा प्रार्थनेला उभे राहायचे. पोरं झाली, घाट झाला, ब्रेक झाले, आप्पा पुढाऱ्यांपाशी पोहोचले की रफिकभाई बॉनेटवर हलकेच थाप मारायचे, आणि मागून तुझा आवाज यायचा, "आ-मेन!" काय तो आवाज! स्टेशनवरची माणसं वळून बघत असतील. सगळी मंडळी लगेच आमेन म्हणायची, आप्पांनाही म्हणावंच लागायचं. पहिल्यांदा आप्पा रागावले होते. नंतर नंतर मला वाटतं, त्यांना ते आवडायला लागलं. आपण कितीही लांब गेलो तरी मागं पाळकबाई आहे, ती परत आणेल, असं काहीतरी.

सनीच्या वेळचं भांडण मात्र मोठं झालं. तिथं म्हणे पहिल्याच संध्याकाळी पोरांना गोल करून बसवतात आणि म्हणतात, घरी काय चाललंय ते सांगा, आवडतं ते आणि नावडतं तेही. आमचा सनी तिथं उठून म्हणाला, "आमचे पप्पा सगळ्यांचं ऐकून घेतात, आमचं सोडून." कुठून कसं ते शिरूरपर्यंत आलं. मी तशीच एसटीत बसले आणि दौंडला तुझ्या दारात आले. चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली. घरातलं बाहेर बोलायला शिकवता होय पोरांना? हेच का तुमचं शिबिर? तू शेंगा सोलत होतीस. माझं सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, "ते खरं हाय का खोटं हाय, तेवढं सांग."

मी म्हटलं, "खरं-खोट्याचा प्रश्नच न्हाई!"

"मंग कशाचा हाय?"

मी आणखी मोठ्यानं बोलले. तू उठून चहा ठेवलास. जाताना माझ्या पिशवीत सोललेले दाणे घातलेस. आमच्या ह्यांनी सनीचं ते वाक्य ऐकल्यापासून जेवताना फोन कपाटात ठेवायला सुरुवात केली, हे मी तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू किती मिरवलं असतंस! आता सांगते. अजूनही ठेवतात.

तुझं एक म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाही. तू म्हणायचीस, आपल्या पोरांचं स्वतःचं असं काय आहे? क्वार्टर मिशनचं, खाट पाहुण्याची, बाप मंडळीचा. पाहुणा आला की पोर खाली सतरंजीवर. जेवण झालं की पाहुण्यांसमोर गाणं म्हण, वचन म्हण. चुकलं तर लोक म्हणणार, पाळकाची पोरगी असून! बरोबर आलं तर म्हणणार, पाळकाचीच पोरगी ती. "तिथं डोंगरावर समदी पाळकाचीच पोरं, मंग पाळकाचं पोर कोण? कुणीच न्हाई!" असं म्हणून तू टाळी द्यायला हात पुढं करायचीस, आणि मी टाळी द्यायची नाही.

आता तुझ्या मातीच्या दिवसाचं सांगते. तुला कुणीतरी सांगायलाच हवं.

करुणा रडली नाही. तेरा वर्षांची पोर, पांढरा फ्रॉक घालून तुझ्या डोक्याशी उभी होती. आलेल्या बायकांना पाणी देत होती. दाजींचा चष्मा पडला तो उचलून दिला. आणि लोकांना काय कौतुक! पोरगी किती धीराची, विश्वासात किती भक्कम, पुनरुत्थानाची आशा असलेल्यांनी असंच असावं. जो येईल तो तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "आता तूच घरची पाळकबाई हां, बाळा." मला त्या एकेकाचा हात धरून फाटकाबाहेर काढावंसं वाटत होतं. त्या दिवशी गप्प बसले. तुझ्या दारात तमाशा नको म्हणून.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा दौंडला गेले तेव्हा ती कामातच दिसली. चपात्या लाटतेय, संडेस्कूलच्या लहान पोरांची गाणी बसवतेय, पाहुण्यांना चहा देतेय आणि दाजींना विचारतेय, "पप्पा, आज कुणाकडं प्रार्थना आहे?" बोलणं अगदी तुझ्यासारखं. पण तू चाळीस वर्षांची असताना तसं बोलायचीस, गं. दाजींना काही दिसत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष तुझ्या रिकाम्या खुर्चीकडं. त्यांनाही दोष देत नाही मी. पण एप्रिल लागला तरी शिबिराचा विषय कुणी काढेना, तेव्हा मीच काढला. म्हटलं, "दाजी, पोरांची नावं कळवायला पाहिजेत. करुणाचं पहिलं."

तुझ्या सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "तिच्या आईला जाऊन वरीस तरी सरलंय का? लोक काय म्हणतील? पोरगी डोंगरावर खेळाया गेली!"

आक्का, मग मी जे बोलले ते ऐकून तू खुर्चीवरून पडली असतीस. मी तुझं सगळं बोलणं बोलले. क्वार्टर मिशनचं, खाट पाहुण्याची, बाप मंडळीचा, सगळं. इतकी वर्षं ज्यावर मी तुझ्याशी भांडले, तेच मी तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ठणकावून सांगत होते. दाजी माझ्याकडं बघतच राहिले. शेवटी म्हणाले, "मंदा, तू तर विरोधात होतीस ना?"

"होते. तिच्याशी भांडायला होते. आता ती न्हाई तर तिची बाजू कोण घेणार? तुम्ही घेताय का?"

सासूबाईंनी दुसरा मुद्दा काढला. घरचं कोण करणार? दाजींचं जेवण, रविवार, संडेस्कूल?

"मी करीन. पोरगी येईस्तोवर मी हितंच राहते."

"आन् तुमचं घर?"

"माझ्या घरी माझा नवरा हाय. त्याला देवानं दोन हात दिल्यात."

"तुम्हाला गाता तरी येतंय का?"

"न्हाई येत. पोरांना येतंय, ती गातील. मी टाळ्या वाजवीन."

दाजी हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "करुणाला विचारा. ती म्हणेल तसं." मला वाटलं, जिंकलो. कसलं काय! करुणा लाटणं न थांबवताच म्हणाली, "मी नाही जात, मावशी. इथं खूप काम आहे."

तिच्या हातातलं लाटणं मी काढून घेतलं आणि तिला मागच्या ओट्यावर नेलं. म्हटलं, "जायचं नाही, का जाता येत नाही?"

मालगाडी चालली होती, तिचे डबे ती मोजत बसली. मग म्हणाली, "तिथं पहिल्या संध्याकाळी विचारतात, घरी काय चाललंय. मी काय सांगू?"

"खरं ते सांग."

"आणि रडू आलं तर?"

"तर रड की!"

"पण मग थांबलंच नाही तर?"

मी म्हटलं, "नाही थांबलं तर नाही थांबलं. इथं का रडत नाहीस?"

"इथं सगळे बघतात ना, मावशी. सगळे म्हणतात मी खूप धीराची आहे. आता कशी रडू?"

त्या ओट्यावर मला कळलं की तू त्या एसटीच्या सकाळी का हसली नव्हतीस. पोरीला दिसत होतं सगळं, आक्का. आई गेली, घर रिकामं झालं, सगळं उघड्या डोळ्यांनी ती बघत होती आणि सांगता येत नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. ताठच बसली होती. पण मी मनाशी ठरवलं, सासूबाई आडव्या येऊ देत, मंडळी आडवी येऊ दे, ही पोरगी त्या गाडीत बसणार. तिला म्हटलं, "तू काय आवडीनं जाऊ नकोस. माझ्यासाठी जा. मला तुझ्या आईचं म्हणणं तपासून बघायचंय. आल्यावर सांग, ती बरोबर होती का मी."

तिनं विचारलं, "आणि तू बरोबर निघालीस तर?"

"तर पुढच्या सुट्टीला शिरूरला ये आणि नुसती झोप काढ."

तिनं मान डोलावली. एवढंच.

आज सकाळी क्रूझर आली. मी सनीला घेऊन कालच आले होते, आमचे हेही आले. शिरूरची पोरं, दौंडची पोरं, पिशव्या टपावर बांधल्या. मंडळी दरवर्षीपेक्षा जास्त जमली होती. तुझ्यासाठीच आली असणार. सासूबाईही खुर्ची टाकून बसल्या होत्या, तोंड फुगवून, पण बसल्या होत्या. करुणा पोरांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, तोंडावर तोच धीर.

दावीदआप्पा आता काठीशिवाय उभे राहत नाहीत. काठी धरून त्यांनी सुरुवात केली. पोरांची नावं घेतली. करुणाच्या नावाला आवाज जरा कापला. मग ड्रायव्हर, घाट, ब्रेक, टायर, स्वयंपाकी. मग पुढारी. रफिकभाईंनी बॉनेटवर थाप मारली.

आणि आप्पा थांबले.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, खोकला आला असेल. पण ते थांबले होते, आक्का. तुझ्या आमेनची वाट बघत थांबले होते. सवयीनं थांबले असतील, आणि मग लक्षात आलं असेल. पुन्हा एकदा "हे प्रभू" म्हणाले आणि पुन्हा थांबले. इतकी वर्षं तूच त्यांची प्रार्थना संपवायचीस, त्यांना ती संपवताच येईना. सगळी मंडळी माना खाली घालून उभी. कुणी नाक ओढत होतं. कुणीही आमेन म्हणेना. तुझी जागा कोण घेणार?

मग मी पदर खोचला आणि जेवढा जोर होता तेवढा लावून म्हटलं, "आ-मेन!"

तुझ्यासारखा नाही आला. चिरकला. पण मंडळी आमेन म्हणाली. आप्पाही म्हणाले, आणि माझ्याकडं बघून त्यांनी काठी जरा उचलली.

पोरं गाडीत चढली. करुणा खिडकीशी बसली. मी तिच्या हातात डबा दिला, बाटली दिली, आणि द्यायला काही उरलं नाही तरी तिथंच उभी राहिले. ती खिडकीतून वाकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आमेन म्हणताना तुझे डोळे उघडे होते."

"आन् तुला कसं गं दिसलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसली. आक्का, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा हसली तुझी पोर, आणि हसता हसताच तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली. हळू नाही. हुंदके देऊन, सगळ्या मंडळीदेखत, नाक-डोळे एक करून. सनीनं घाबरून तिचा हात धरला. दाजी पुढं धावले. मंडळीत कुजबूज सुरू झाली. तुझ्या सासूबाई खुर्चीतून उठून म्हणाल्या, "अगं बाई, उतरवा तिला! अशी रडत कशी जाईल?"

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. दाजींना म्हटलं, "राहू द्या. रडू द्या तिला." आणि बॉनेटवर थाप मारली.

"रफिकभाई, काढा गाडी."